तिखटाची परीक्षा

"ताई, तुमच्या हळदीत आणि तिखटात ओलावा अगदी सारखाच कसा हो?"

फोनवर पुण्याच्या दुकानातला मुलगा विचारत होता आणि मला त्याचा प्रश्नच कळेना. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीची ही गोष्ट. आमच्या बचत गटाला पहिल्यांदाच गावाबाहेरची मोठी ऑर्डर मिळाली होती. दीडशे किलो हळद पूड आणि साठ किलो तिखट. दुकानदाराची अट एकच, मालाचा तपासणी रिपोर्ट आधी पाठवा. तो आम्ही पाठवला होता. चांगला जाड कागद, वर रंगीत चिन्ह, खाली गोल शिक्का आणि सही.

"दोन्ही रिपोर्टांवर ८.४२ टक्केच लिहिलंय," तो म्हणाला. "आणि मुख्य म्हणजे ही लॅब पाणी तपासायची आहे. मसाल्याची मान्यताच नाही तिला. हा कागद आम्हाला चालणार नाही."

फोन ठेवला आणि मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. आता अक्कांना काय सांगायचं? (अक्का म्हणजे आमच्या गटाच्या अध्यक्ष. वय बासष्ट, शिक्षण चौथी, आणि हिशोबाला आमच्यात सगळ्यात पक्क्या.)

हा रिपोर्ट आम्ही मिळवला कसा, तेही सांगते, लपवण्यात अर्थ नाही. तालुक्याला आमची लेबलं छापून देणारा एक माणूस आहे. तो म्हणाला, "रिपोर्टचं पण मी बघतो वहिनी, दोन पुड्या द्या फक्त." आम्ही हाताला येईल ती पूड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून दिली. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट हजर. पैसेही किरकोळ. कुठली प्रयोगशाळा, कुठल्या गावची, तिथे काय तपासलं, आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. कोथिंबिरीची जुडी चार वेळा उलटसुलट करून मगच पैसे देणाऱ्या बायका आम्ही! पण छापील कागद दिसला की आपली नजर आपोआप खाली जाते, हे मात्र खरं.

मी बी. ए. मराठी घेऊन केलेली. विज्ञानाची आणि माझी गाठ दहावीलाच सुटली. पण माझी भाची औषधांच्या कंपनीत आहे, तिला रात्री फोन लावला. ती आधी पोट धरून हसली आणि मग तासभर समजावून सांगत बसली. त्यातलं मला जे कळलं ते इथे लिहिते, कारण पापड, लोणची, चटण्या, मसाले करणारे गट आता गावोगावी आहेत आणि रिपोर्टची मागणी आज ना उद्या प्रत्येकीपुढे येणारच.

आपण मुलांची परीक्षा घेतो तशी प्रयोगशाळांचीही परीक्षा घेतली जाते. ती घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला एनएबीएल म्हणतात. १९८८ सालची ही संस्था आता क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचा भाग आहे. आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे प्रयोगशाळेची यंत्रं, माणसं, पद्धती सगळं तपासून ती मान्यता देते. नुसतं 'आयएसओ प्रमाणित' लिहिलेलं असेल तर भुलू नका. आयएसओ ९००१ हे कारभार नीट चालवण्याचं प्रमाणपत्र आहे, ते एखाद्या गादी कारखान्यालाही मिळतं. हळदीतलं शिसं मोजता येतं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता खरी मेख. एनएबीएलची मान्यता सरसकट नसते. कुठला पदार्थ, त्यातली कुठली तपासणी आणि कुठल्या पद्धतीने, अशी प्रमाणपत्राला जोडलेली लांबलचक यादी असते. इंग्रजीत तिला 'स्कोप' म्हणतात. आमच्या त्या प्रयोगशाळेची मान्यता खोटी नव्हती, पण ती होती पाण्याची. डॉक्टर खरेच, पण दातांचे, आणि आपण गेलो डोळे दाखवायला, तसला प्रकार! एखाद्या प्रयोगशाळेच्या यादीत हळदीचा ओलावा असेल, पण शिसं नसेल, असंही असतं. म्हणून "तुम्ही एनएबीएल आहात का?" हा प्रश्न अपुरा आहे. "हळद पुडीतल्या शिशाची तपासणी तुमच्या स्कोपमध्ये आहे का?" असं विचारायचं, आणि तेवढं पान पाठवा म्हणायचं. चांगल्या प्रयोगशाळा खळखळ न करता पाठवतात.

खाद्यपदार्थांसाठी आणखी एक चाळणी आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४३ खाली केंद्राचं अन्न प्राधिकरण, म्हणजे आपल्या पाकिटावर चौदा आकडी नंबर असतो ते एफएसएसएआय, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची नावं जाहीर करतं. ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. एनएबीएलच्या संकेतस्थळावरही प्रयोगशाळेचं नाव घालून शोधता येतं. प्रमाणपत्राचा नंबर 'टीसी'ने सुरू होतो, आणि मान्यतेला शेवटची तारीख असते, ती उलटून गेली नाही ना ते बघायचं. माझ्या मुलाने हे सगळं मोबाइलवर दहा मिनिटांत काढून दिलं. त्या छापखानेवाल्याला पुड्या द्यायच्या आधी ही दहा मिनिटं घालवली असती तर!

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला बाई, सही-शिक्का आहे ना? तर २०१५ सालची मॅगीची गोष्ट आठवा. शिसं जास्त आहे म्हणून त्या जूनमध्ये एफएसएसएआयने मॅगीवर बंदी घातली. आमच्याकडेही मुलं हिरमुसली होती. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १३ ऑगस्टला न्यायालयाने ती बंदी रद्द केली. त्यातलं एक मोठं कारण काय होतं? ज्या प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर बंदी उभी होती, त्यांना ती तपासणी करण्याची कायद्याप्रमाणे मान्यता नव्हती. मग न्यायालयाने मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे नमुने पाठवायला सांगितले, आणि ऑक्टोबरमध्ये तिन्हीकडे शिसं मर्यादेच्या आत निघालं. नूडल्स मुलांना द्याव्या की न द्याव्या हा आजचा विषय नाही. पण जिथे सरकारचा कागद न्यायालयात टिकला नाही, तिथे आमच्या दोन पुड्यांच्या रिपोर्टची काय कथा!

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक झाली. आरडाओरडा झाला, छापखानेवाल्याचा उद्धार झाला. अक्का शेवटी म्हणाल्या, "आपण न बघता दिलं, त्यानं न बघता आणलं. आता बघून करू." दुकानदाराने तीन आठवड्यांची मुदत वाढवून दिली होती.

मी यादीतल्या प्रयोगशाळांना फोन लावत बसले. तुम्हाला खरं सांगते, प्रयोगशाळा कशी आहे ते पहिल्या पाच मिनिटांच्या बोलण्यातच निम्मं कळतं. एका ठिकाणी मला विचारलं, "मॅडम, रिपोर्टमध्ये काय यायला हवंय?" मी फोन ठेवला. दुसरीकडे एक बाई बोलल्या, त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. हळकुंडं कुठली, दळण कुठे करता, मिरची कधीची आहे, साठवली कुठे, रिपोर्ट दुकानाला हवाय की परवान्यासाठी? मिरची मार्चमध्ये घेतलीय आणि पावसाळाभर ठेवलीय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग अफ्लाटॉक्सिन बघून घ्या. ती तपासणी महाग आहे, पण तीच करा. बाकीच्या दोन नाही केल्या तरी चालतील." स्वतःच्या दोन तपासण्यांचे पैसे सोडणारी ती बाई मला पटली. दर विचारले तर आधीच्या रिपोर्टच्या कितीतरी पट होते. गटात पुन्हा कुरबुर झाली, पण पैसे काढले.

हळदीत काय बघतात ते आता मला पाठ झालंय. ओलावा दहा टक्क्यांच्या वर नको. राख बघतात, आणि त्यातही आम्लात न विरघळणारी राख दीड टक्क्याच्या वर गेली, तर पुडीत माती-रेती आहे असं समजायचं. कुरकुमिन, म्हणजे हळदीचं हळदपण, किमान दोन टक्के हवं. आणि शिसं किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या आत. हळदीत शिसं येतं कुठून? मळकट हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांना लेड क्रोमेट चोळतात. रंगाच्या डब्यातला पिवळा रंग तो! बांगलादेशात गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं आणि त्याचा माग काढत गेलेले संशोधक २०१९ साली थेट हळदीपर्यंत पोचले. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून बघायची घरगुती परीक्षा आहे. शुद्ध हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, भेसळीची असेल तर पाणी भडक होतं. घरच्या डब्यापुरती ती ठीक. पण शिसं किती आहे ते ग्लास सांगत नाही, आणि अफ्लाटॉक्सिन तर डोळ्याला, नाकाला, जिभेला कळतच नाही.

मग नमुन्याची तयारी. आधी दिली तशी हाताला येईल ती मूठ चालत नाही, हे त्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. बुरशीचं विष सगळ्या ढिगात सारखं पसरलेलं नसतं, एका पोत्यात असेल, शेजारच्यात नसेल. म्हणून प्रत्येक पोत्यातून वरचं, मधलं, तळचं असं थोडं थोडं काढलं. अक्कांच्या अंगणात धुतलेल्या चादरीवर ढीग करून मिसळलं. त्या ढिगाचे भाकरीसारखे चार तुकडे पाडले, समोरासमोरचे दोन घेतले, पुन्हा मिसळलं, पुन्हा चार. असं करत शेवटी लागेल तेवढं उरलं. त्याचे दोन भाग केले. एक प्रयोगशाळेला, एक तसाच सील करून, तारीख आणि घाण्याचा नंबर घालून आमच्याकडे. हा दुसरा भाग ठेवायची अक्कल कायद्यातूनच आलेली आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो, आणि त्यातला एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा, असं व्यावसायिकाला मागता येतं. आमच्यासारख्या बायकांना हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

एस. टी.ने पुण्याला मी आणि एक वहिनी गेलो. नमुना घेताना तिथे वजन केलं, सील बघितलं, पावतीवर तपासणीचं नाव आणि पद्धत लिहून दिली. आम्ही थक्क! आधीच्या वेळी तर पावतीसुद्धा नव्हती.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. वर यूएलआर म्हणून लांबलचक नंबर. त्याच्या शेवटी इंग्रजी एफ हे अक्षर असेल तर कागदावरच्या सगळ्या तपासण्या मान्यतेच्या आतल्या, आणि पी असेल तर काहीच. आमच्यावर एफ होतं. हळद झकास निघाली. सांगलीची राजापुरी हळकुंडं होती, कुरकुमिन छान, शिसं नाममात्र.

तिखट नापास.

मसाल्यात अफ्लाटॉक्सिन किलोमागे तीस मायक्रोग्रॅमच्या आत हवं. आमच्या तिखटात सत्तेचाळीस होतं. जुलैमध्ये आमच्या साठवणीच्या खोलीचा पत्रा गळला होता. दोन पोती खालून दमट झाली, आम्ही उघडीप मिळताच त्यांना ऊन दाखवलं, वरची काळी पडलेली मिरची वेचून टाकली आणि कांडप मशीनवर नेली. पिढ्यान् पिढ्या असंच करतात की! पण बुरशी उन्हाने वाळते, तिने सोडलेलं विष वाळत नाही, आणि आमटीला उकळी आली म्हणून जातही नाही. लिव्हरला ते घातक असतं, रोज थोडं थोडं पोटात गेलं तर जास्तच.

त्या संध्याकाळची बैठक मी विसरणार नाही. एकजण म्हणाली, दुसऱ्या लॅबमधून करून आणू. दुसरी म्हणाली, पहिला रिपोर्ट होताच की चांगला, तोच दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवू. तिसरीने तर एका खानावळवाल्याचं नाव काढलं, तो काही विचारत नाही. कुणाला दोष देऊ? एकीच्या मुलीची फी त्या पैशांतून जायची होती. एकीने मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवून भांडवल घातलं होतं. ते मला माहीत होतं आणि मी गप्प बसले होते. लिहायला लाज वाटते, पण मिनिटभर मलाही तो खानावळवाला पटला होता.

अक्कांनी सील केलेला दुसरा भाग पुढे ठेवला. "हा पाठवू दुसरीकडे. पण तीच मान्यता असलेल्या ठिकाणी. आणि तिथे जे येईल ते शेवटचं. तिसरीकडे जायचं नाही." पुन्हा पैसे काढले. दुसरीकडे एकोणचाळीस आलं. आकडे थोडे वेगळे येऊ शकतात, नापास मात्र दोन्हीकडे.

साठ किलो तिखट अक्कांच्या बांधाला खड्डा काढून पुरलं. जाळायचं म्हणालो असतो तर गाव खोकत बसलं असतं. म्हशीच्या आंबोणात घाला असंही कुणी सुचवलं, पण ते विष दुधात उतरतं, असं भाचीने आधीच सांगून ठेवलं होतं. दुकानदाराला मी दोन्ही रिपोर्ट जसेच्या तसे पाठवले. त्याने हळद घेतली. तिखटाबद्दल एवढंच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

पण खरं संकट वेगळंच होतं. त्याच घाण्यातलं सात किलो तिखट आम्ही रिपोर्ट यायच्या आधीच गावात विकलं होतं. वहीत नावं होती. मी आणि अक्का घरोघरी निघालो. ग्राहकालासुद्धा कायद्याने हक्क आहे बरं का, कलम ४० प्रमाणे. विकत घेतानाच दुकानदाराला सांगून, फी भरून आपल्याला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, चौदा दिवसांत रिपोर्ट मिळतो, आणि पदार्थ नियमात बसत नसेल तर फी परत. पण आमच्या गावात कोण कशाला तपासणार? विश्वासावरच घेतलं होतं सगळ्यांनी. काहींनी डबा लगेच आणून दिला. एक आजी म्हणाल्या, "आम्ही खाल्लं की गं, काय झालं नाही." त्यांना काय सांगावं ते मला सुचेना. अक्कांनी फक्त डबा मागून घेतला, पैसे त्यांच्या हातात ठेवले आणि वर पावशेर हळद दिली. एका घरी दारच उघडलं नाही.

सात किलोपैकी सव्वाचार किलो परत आलं.

यंदा मिरची घेतल्यावर आधी अख्ख्या मिरचीचाच नमुना काढलाय, म्हणजे कांडपाचा खर्च तरी वाचेल. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलीत. पत्रा बदललाय. नमुना मंगळवारी कुरियरने गेलाय आणि रिपोर्टला आठ दिवस लागतील म्हणालेत. तोवर पोत्यांना कुणी हात लावायचा नाही, असं अक्कांनी खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय.